नक्षी होऊन आलेले अक्षर

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम वाचला तेव्हा त्यातील शकाचा आकडा त्यांना ७८२ असा दिसला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा ९८२ असा लावून देईपर्यंत हे देवालय आपल्या खऱ्या वयापेक्षा दोनशे वर्षांनी वडील ठरून बसले होते. शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, म्हणजे इसवी सन १०६० मधील जुलैची २७ तारीख, हा दिवस आता निर्विवाद झाला आहे. शिलाहार राजा छित्तराज याच्या नावाने आरंभिलेले हे काम त्याचा भाऊ महामंडलेश्वर मुम्मुणी याच्या कारकीर्दीत पुरे झाले, हेही सर्वमान्य आहे. ज्या दोघा पंडितांनी आमच्या प्राचीन इतिहासाची निम्मी दारे उघडली त्यांच्यापैकी एकाचा डोळा एका झिजलेल्या अंकावर अडखळावा यात नवल नाही. नवल वाटायचेच तर याचे वाटावे की वालधुनीच्या काठी, माणसांच्या नित्य वहिवाटीतील देवळात, ती ओळ कित्येक शतके उघड्यावर होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती भोवतालच्या वेलबुट्टीचाच एक भाग वाटत होती. अक्षराला वाचणारा उरला नाही म्हणजे ते नक्षीत जमा होते. चीनच्या कलाकुसरीचा आणि आपल्या या उल्हास खोऱ्याचा जो दीर्घ, पण बव्हंशी विस्मृत संबंध आहे, त्याचा मागोवा घेऊ लागले की हाच प्रकार पदोपदी आढळतो.

हे खोरे पूर्वापार रहदारीचे. घाटमाथ्यावरचा माल भोरघाटाने किंवा नाणेघाटाने कोकणात उतरे आणि उल्हास नदीच्या आश्रयाने कल्याण बंदराला लागे. आजचे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही तिन्ही गावे याच उतरणीवर, एकापाठोपाठ एक अशी वसली आहेत, आणि १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी नेताना इंग्रज इंजिनियरांनी बैलांच्या तांड्यांचीच वाट थोडीफार सरळ करून घेतली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शिलाहारांचे ऐश्वर्य या रहदारीच्या जकातीवर उभे होते. ठाणे, सोपारा, चेऊल ही त्यांची बंदरे. आणि उत्तरेकडील संजाणही त्यांच्याच अमलाखाली होते, हे चिंचणी येथे सापडलेल्या शके ९५६ च्या, म्हणजे १०३४ सालच्या ताम्रपटावरून कळते, कारण त्यात संजाणचा मांडलिक चामुंडराज आपला स्वामी म्हणून याच छित्तराजाचे नाव घेतो. त्या संजाणला २००२ सालापासून काही वर्षे उत्खनन झाले, तेव्हा पश्चिम आशियातील निळसर झिलईच्या मडक्यांबरोबर चिनी भांड्यांची खापरेही मातीतून वर आली. तेव्हा अंबरनाथच्या गाभाऱ्यात पहिला अभिषेक झाला त्या काळात चीनच्या भट्टीत भाजलेले वाडगे या राज्याच्या किनाऱ्यावर उतरत होते, एवढे आपण निःशंकपणे म्हणू शकतो. चिनी खापर नेहमीच्या मातीच्या खापरापासून निराळे ओळखायला पुराणवस्तुसंशोधकच पाहिजे असे नाही. त्याची मोडलेली कड दाट आणि काचेसारखी लागते, तिच्यावर पाणी मुरत नाही, आणि नखाने टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो.

चीनमध्ये हा सुंग घराण्याचा काळ. च्यांगनान प्रांतातल्या एका भट्टीच्या गावावर सम्राटाची इतकी मर्जी बसली होती की १००४ साली सुरू झालेल्या आपल्या राजवर्षाचे ‘जिंगदे’ हे नाव त्याने त्या गावाला बहाल केले. जिंगदेजेनचा हा लौकिक पुढे नऊशे वर्षे टिकला. चोळांचे दूत १०१५ साली सुंग दरबारी पोचले होते. शिलाहारांचा दूत गेल्याचे कोठे नमूद नाही. त्यांचा संबंध बंदरापुरता, माल आणि महसूल यांच्यापुरता. परंतु याच काळात चीनमध्ये दुसरी एक गोष्ट परिपक्व होत होती, जी कोणत्याही जहाजात भरता येण्यासारखी नव्हती. सुंग काळातील ज्या चार लेखकांना चिनी रसिक सुलेखनाचे महागुरू मानतात, त्यांपैकी साई श्यांग १०६० साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता, सू शी तेवीस वर्षांचा तरुण उमेदवार होता, ह्वांग थिंगच्यन पंधरा वर्षांचा मुलगा होता, आणि सर्वांत विक्षिप्त असा मी फू अवघा नऊ वर्षांचा होता. मुम्मुणीचा पाथरवट छिन्नीने नागरी अक्षरे खोदत होता तेव्हा ही चौघे मंडळी हातात कुंचला धरून होती.

आपल्याकडे सुंदर हस्ताक्षराचे कौतुक नव्हते असे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच समर्थांनी लेखनक्रियेला वाहिला आहे, आणि अक्षराचा वाटोळेपणा, ओळींमधील अंतर, समासाची मोकळीक, एवढेच काय पण शाई आणि कागद यांचाही विचार त्यात आहे. मोडीत चिटणिशी वळण आणि बिवलकरी वळण असे भेद जाणकार एका नजरेत सांगत, आणि आधी कागदभर शिरोरेघ ओढून मग बोरू न उचलता ओळ पुरी करणारा दप्तरातला कारकून हा आपल्या परीने कलावंतच होता. तथापि त्याच्या अक्षराचे मोल शेवटी मजकुराच्या सेवेत होते. फर्मान वाचून झाले, जमाखर्च जुळला, की वळणाचे काम संपले. चिनी परंपरेत अक्षर हे चित्राहून श्रेष्ठ मानले गेले. घरात उत्तम लेखनाचा एक पट टांगलेला असणे ही विद्वत्तेची आणि कुलीनतेची खूण, आणि राजसेवेच्या परीक्षेत उतरलेल्या प्रत्येकाला कुंचल्याचा सराव बाळपणापासून घडलेला.

या लेखनाचे साहित्य चार वस्तूंचे: कुंचला, शाईची कांडी, कागद आणि शाई उगाळण्याची शिळा. काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी पाण्याच्या थेंबांत शिळेवर सावकाश उगाळायची, आणि ती उगाळताना मन स्थिर करायचे, ही लेखनाचीच पहिली पायरी. आपली शाईही काजळ आणि डिंक यांचीच. म्हणजे द्रव्यात फारसा फरक नाही, फरक पडतो तो हत्यारात. बोरूचे टोक ताठ असते आणि रेघेची जाडी त्याच्या तिरक्या छाटणीने आधीच ठरून जाते. कुंचल्याचे टोक केसांचे. मनगट दाबले की रेघ फुगते, उचलले की सुईच्या अग्रासारखी होते, हात कचरला तर तिथे शाईचा डाग पसरतो. शोषक कागदावर उमटलेली रेघ खोडता येत नाही, गिरवता येत नाही. म्हणून चिनी रसिक अक्षर पाहताना आठशे वर्षांपूर्वी तो हात कोठे थबकला, कोठे धावला, हे जणू पुन्हा अनुभवतो. चौथ्या शतकातील वांग शीची याने ३५३ साली एका वसंतोत्सवात लिहिलेल्या प्रस्तावनेचे मूळ हस्तलिखित थांग सम्राट थाइत्सुंग याने आपल्या थडग्यात बरोबर नेले अशी आख्यायिका आहे. आज जे आहे ते सारे प्रतींवर आधारलेले, आणि तरी त्या प्रतींवरच चिनी सुलेखनाची सबंध परंपरा पोसली गेली. प्रत करणे हे तिथे शिक्षण होते. मी फू तर लोकांची जुनी हस्तलिखिते पाहायला म्हणून मागून आणी आणि परत करताना मूळ आपल्याकडे ठेवून हुबेहूब नक्कल मालकाच्या हाती देई, असे त्याच्याविषयी सांगतात. ज्याला आपली वस्तू ओळखता येत नाही त्याने ती बाळगू नये, असाच त्याचा न्याय असावा.

ही विद्या बाहेर गेली ती कोरिया आणि जपान यांसारख्या, चिनी अक्षरे आपलीशी केलेल्या देशांत. आपल्याकडे आली ती तिची छाया. चिनीमातीच्या वाडग्याच्या बुडाशी, पायकड्याच्या आत, निळ्या रंगात दोन रांगांत सहा अक्षरे असतात. घराणे, सम्राटाचे राजवर्ष आणि ‘घडविले’ एवढाच त्यांचा आशय. आदिलशाहीत विजापूरच्या आसार महालात जमलेल्या पात्रांपासून ते घराघरांतल्या बरण्यांपर्यंत असली चिन्हे किती जणांनी पाहिली असतील, पण ती वाचणारा मनुष्य या मुलुखात जवळजवळ नव्हताच. दीर्घायुष्याचे ‘शौ’ हे अक्षर तर चिनी कारागीर शंभर निरनिराळ्या रूपांत काढतो. रेशमावर, ताटावर, पेटीवर ते वर्तुळात बसवलेले असते आणि आपल्याला ते फूल किंवा जाळी वाटते. भाजताना दाट हिरवट झिलई चढणाऱ्या पात्रांविषयी आमच्या सरदारांचा समज असा की विषारी अन्न पडताच भांडे तडकते. अर्थात त्यांच्या लेखी पात्राची किंमत त्या भाबड्या भरवशात होती, बुडाच्या अक्षरात नव्हती.

चिनी कारागिराने आमच्या बाजूच्या अक्षरांचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी, चंगदे सम्राटाच्या काळात, जिंगदेजेनच्या भट्ट्यांत अरबी आणि फारसी वचने लिहिलेली निळी-पांढरी भांडी तयार होत. ती काढणाऱ्या रंगाऱ्याला अलिफ आणि लाम यांतला भेद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कित्येक ठिकाणी हरफ कुंचल्याच्या झोकात पानासारखे वळले आहेत. पोर्तुगीज गोव्यात स्थिरावल्यावर त्यांच्या राजाचे कुलचिन्ह चिनी सुरयांवर उमटू लागले, आणि त्यांतील काही सुरयांवर ते साफ उलटे आहे. मलाक्काचा कप्तान पेरो द फारिया याच्यासाठी १५४१ साली रंगवलेल्या वाडग्यांवरील रोमन अक्षरांचीही अशीच ओढाताण झाली आहे. म्हणजे अज्ञान दोहोंकडून सारखेच होते. व्यापाराला त्याने कधी बाध आला नाही, कदाचित सोयच झाली.

एकोणिसाव्या शतकात हा व्यापार मुंबईत एकवटला आणि त्याला एक काळी किनार आली, ती लपविण्यात अर्थ नाही. माळव्याची अफू मुंबईच्या धक्क्यावरून कँटनला जाई, आणि तिच्या मोबदल्यात चांदी, चहा, रेशीम परत येई. सर जमशेटजी जिजीभाई तरुणपणी पाच वेळा चीनला जाऊन आले आणि अफू व कापूस यांवर त्यांनी अपार संपत्ती मिळविली. त्या संपत्तीतूनच त्यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली मुंबईची कलाशाळा सुरू झाली. याच कलाशाळेचे विद्यार्थी आपले अधीक्षक टेरीसाहेब यांच्यासह १८६८ साली सरकारी हुकमाने अंबरनाथला येऊन राहिले आणि त्यांनी देवळाची मोजमापे, रेखाटने व साचे तयार केले. कँटनच्या पेढीवर कमावलेल्या पैशाने शिकलेली पोरे शिलाहारांच्या भिंतीवरची नक्षी उतरवून घेत होती, हा योगायोग इतिहासाच्या ग्रंथांत सहसा कोणी एकत्र मांडत नाही. मला मात्र या देवळाच्या हकिकतीतला तो सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

पारशी घरांत याच व्यापाराने ‘गारा’ आणला. कँटनच्या परिसरातील पुरुष भरतकारांनी गर्द जांभळ्या, काळ्या किंवा लाल रेशमावर पांढऱ्या दोऱ्याने काढलेली ही साडी जवळून पाहिली म्हणजे दोन गोष्टी डोळ्यांत भरतात: एक म्हणजे टाका इतका सपाट आणि एकसंध की दोरा मोजता येत नाही, आणि दुसरी म्हणजे ‘खाखा’ नावाचा तो बारीक गाठींचा टाका, जो भरताना कारागिराचे डोळे जात असे म्हणतात. मुंबईच्या पारशी वस्त्यांतून पाठीवर गाठोडे घेऊन चिनी फेरीवाले दारोदार हिंडत, आणि ओसरीवर बसून पारशी बाया त्यांच्याशी नमुने ठरवीत. मग पगोडे, पूल आणि छत्रीवाली माणसे यांची ती ‘चिना-चिनी’. गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांचे ते ‘कांदा-पपेटा’. आणि राजवैभवाचे चिन्ह असलेल्या पियोनी फुलाला पाकळ्यांच्या टोकांमुळे ‘करोलिया’, म्हणजे कोळी, असे नाव पडले. इथेही चिन्हाचा अर्थ गळाला आणि आकार तेवढा उरला. पण माणसांनी त्या आकाराला आपल्या घरातले नाव देऊन टाकले, ही त्यांतली गोडी. चिनी कलेचा अधिक अभिजात नमुना पाहायचा तर सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास मिळालेली जेडची पात्रे आणि तपकिरीच्या कुप्या पाहाव्यात; अंबरनाथहून लोकलने बोरीबंदर, आणि तिथून पुढे पायी जाण्याइतके ते अंतर आहे.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची तात्पुरती छावणी उठवलेली होती. फाळणीनंतर, १९४७ च्या डिसेंबरात हैदराबाद-सिंधमध्ये आणि १९४८ च्या जानेवारीत कराचीत दंगली उसळल्यावर, त्या रिकाम्या बराकींत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित येऊन पडले, आणि १९४९ च्या ऑगस्टच्या ८ तारखेला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण केले. या लोंढ्यात हैदराबादची भाईबंद कुटुंबेही होती, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मोठे आहे. तालपूर मीरांच्या राज्यात हे भाईबंद सावकारी करीत. १८४३ साली नेपियरने सिंध खालसा केला तेव्हा त्यांचा धनको-ऋणकोचा जुना व्यवहार बसला, आणि त्यांच्यातील काही जणांनी सिंधमधील भरतकाम, हाल्याचे लाखकाम, अशा वस्तू मुंबईत येऊन गोऱ्या साहेबांना विकायला आरंभ केला. सिंधच्या कामाचे विक्रेते म्हणून ते ‘सिंधवर्की’ झाले. पण धंदा फैलावला तो स्वतःच्या मुलुखाबाहेरच्या मालावर. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, जपानची बंदरे परकीयांना मोकळी झाली, आणि दोनतीन दशकांच्या आत पोहूमल ब्रदर्स, वसियामल आसूमल अशा पेढ्यांची दुकाने योकोहामा, हाँगकाँग, कँटनपासून कैरो, माल्टा, जिब्राल्टर आणि पनामापर्यंत उघडली. चिनी आणि जपानी रेशीम, भरतकामाच्या शाली, हस्तिदंत, लाखेच्या पेट्या, तांब्यावरील मीनाकाम हा त्यांचा माल. आगबोटीतून चार तास किनाऱ्यावर उतरलेला युरोपीय प्रवासी हे त्यांचे गिऱ्हाईक.

मालक हैदराबादेत, गुमास्ता सातासमुद्रापलीकडे, अशी ही रचना होती. अडीच-तीन वर्षांचा करार करून तरुण नोकर निघे. राहणे-जेवणे पेढीचे, बायकापोरे मात्र गावी. कँटनच्या गल्लीत रेशमाचा तागा उलगडून त्याची वीण पारखणारा हा गुमास्ता कलासमीक्षक नव्हता, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे. परंतु ज्या अभ्यासकांनी ‘प्रवाशांसाठी केलेला दिखाऊ माल’ म्हणून या साऱ्या व्यवहाराकडे पाठ फिरविली त्यांनी घाई केली असे माझे मत आहे. चिनी विद्वानाच्या दालनातील अक्षरपट कैरोला कधीच पोचला नसता. कैरोच्या बाजारात जी शाल पोचली तिच्यावरचे ‘शौ’ अक्षर, वाचले न जाता का होईना, अर्ध्या जगाने पाहिले ते या हैदराबादी नोकराच्या पायपिटीमुळे. १९२३ सालच्या सप्टेंबरातील भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाले तेव्हा या पेढ्या कोबेला सरकल्या. युद्धाने हाँगकाँगचा धंदा बसविला. आणि उल्हासनगरला नाव मिळाले त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, पेकिंगमध्ये नव्या राजवटीची घोषणा झाली. बड्या पेढ्या हाँगकाँगसारख्या ठिकाणी तरल्या. बराकीत आलेल्यांना गाव नवे होते, आणि चीनची वाटही मिटत चालली होती.

त्यांनी मग स्वतःच कारखाने घातले. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लगद्यापासून कृत्रिम रेशमाचा धागा निघू लागला तो याच सुमारास, १९५० नंतरच्या दशकात. पाच कँपांच्या गल्ल्यांतून पापड-मिठाईपासून लाकूडसामान आणि तयार कपड्यांपर्यंत सर्व काही होऊ लागले, आणि या मालावरच्या ‘यू. एस. ए.’ या चिठ्ठीचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे ही कोटी तर सबंध मुंबई इलाख्याने करून जुनी केली. हसणाऱ्यांनी एकदा संग्रहालयातली चिनी पात्रे उलटी धरून पाहावीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस खांगशी सम्राटाच्या अमलात घडलेल्या कित्येक उत्तम वाडग्यांच्या बुडाशी दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा सम्राटाचे राजवर्ष लिहिलेले आहे, आणि चिनी रसिक त्याला लबाडी म्हणत नाहीत, पूर्वसूरींना केलेले वंदन म्हणतात. उल्हासनगरच्या चिठ्ठीत वंदन किती आणि हिशेब किती हे मी सांगू शकत नाही. पण नावाची अक्षरे वस्तूवर शोभेसाठी आणि भावासाठी चढवण्याची ही रीत त्या गावाने शोधून काढलेली नाही, एवढे खरे.

सिंधवर्की पेढ्यांचा पत्रव्यवहार आणि खातेवह्या एका निराळ्याच लिपीत असत. हटवाणिकी किंवा खुदाबादी म्हणून ओळखली जाणारी ही व्यापाऱ्यांची लिपी. तिच्यात काना-मात्रा जवळजवळ नसत, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या भाऊबंदालाच ती बिनचूक लागे, आणि परक्याच्या हाती वही पडली तरी गुपित सुरक्षित राही. कँटनचा तागा कोणत्या भावाने घेतला, पनामाला किती नफा सुटला, हे सारे या बिनस्वरांच्या ओळींत. सरकारने १८५३ साली सिंधीसाठी अरबी वळणाची लिपी मुक्रर केली होती, तरी हिंदू व्यापाऱ्यांची मुले ती शिकायला राजी नव्हती. तेव्हा १८६८ साली मुंबई सरकारने खुदाबादीला स्वरचिन्हे जोडून ती शाळेत चालविण्याचे काम एका शिक्षणाधिकाऱ्यावर सोपविले. हा अधिकारी मराठी होता: नारायण जगन्नाथ वैद्य. कराचीचे जुने सरकारी विद्यालय अद्यापि त्याच्या नावाने चालते. त्याने बसविलेली लिपी काही वर्षे पुस्तकांत आणि कचेऱ्यांत चालली, पण व्यापाऱ्यांनी आपल्या वह्यांत जुने बिनस्वरी वळणच ठेवले. १९६७ साली सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला तेव्हा भांडण अरबी वळण आणि देवनागरी या दोहोंतच होते, आणि उल्हासनगरच्या शाळांतही तेच दोन पक्ष होते. ज्या लिपीत चीनच्या मालाचा जमाखर्च लिहिला गेला तिची बाजू मांडायला त्या वादात कोणी उभा राहिला नाही.